घरात माणसं किती

४ नोव्हेंबर
आलो बाई एकदाच्या! कंपनीने घर दिलंय, तेही शाळेला लागून. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दोन पलंग, दोन किल्ल्या. भुंगाने आल्या आल्या वाटणी करून टाकली: खिडकीकडचा पलंग तिचा, भिंतीकडचा माझा. माझी लेक सात वर्षांची घोडी झाली, तरी दिवसभर तोंडाने एकच चाल गुणगुणत असते, म्हणून भुंगा. तिच्या बापाने कधीच पाठ फिरवली, त्यामुळे आम्ही दोघीच. दोघींना असं कितीसं लागतं! बाथरूमचा नळ गळतो तेवढं सोडलं तर नाव ठेवायला जागा नाही.

६ नोव्हेंबर
आज काम समजावलं. आमचे साहेब चष्मा कपाळावर चढवून तोच सगळीकडे शोधत असतात, पण सांगतात छान. इथलं पाणी, कुलपं, शाळेतली जागा, सगळं ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे लिहिलेलं पुसता न येणाऱ्या वहीतल्या, करारांवर आपोआप चालतं. पण करार म्हणजे ठार आंधळा, बाहेरचं त्याला काही दिसत नाही. त्याला खरं काय ते सांगायला ओरॅकल लागतं, आणि ओरॅकल म्हणजे शेवटी आम्ही साक्षीदार. प्रत्येक प्रश्नाला तिघे, तीन बंद खोल्यांत, एकमेकांचं तोंड न बघता. दोघांचं उत्तर जुळलं की ते कायमचं नोंदलं जातं. माझ्यापुढे नाव-पत्ता येत नाही. पाणी किती वाहिलं, दार कधी उघडलं, दिवे कुठे लागले, एवढंच बघायचं आणि घरात माणसं किती ते सांगायचं. कोण, ते सांगायचं नाही. लोकांचं गुपित झाकलेलं राहतं. मला तर फारच पटलं. जुन्या घरी शेजारणीला आमच्याकडची शिंक कोणाची तेसुद्धा कळायचं.

११ नोव्हेंबर
आज गंमतच झाली. एका घराची माहिती आली: सकाळी दार उघडलं, बंद झालं, लगेच पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. बाथरूमचं पाणी सारखं थेंबथेंब. अगं बाई, हे तर आमचंच घर! डबा विसरले म्हणून मीच परत फिरले होते. खरं तर साहेबांना सांगायला हवं होतं, पण इतकं सोपं उत्तर कोण सोडतं? 'दोन' लिहून मोकळी झाले. दुपारी निकाल लागला, तीन! बाकी दोघांनी तीन म्हटलं होतं. गळक्या नळाने आमचं बिऱ्हाड वाढवलं. हसून हसून पोट दुखलं.

१३ नोव्हेंबर
टेम्पोवाला तिसरा पलंग आणि तिसरी किल्ली घेऊन दारात हजर. मी म्हटलं, चूक झालीये, परत न्या. तो म्हणाला, करारात तीन आहेत, परत नेला तर त्याचीच मजुरी अडकेल. बिचाऱ्याशी काय भांडायचं? पलंग मधे लावला. भुंगा खूश.

१७ नोव्हेंबर
नळ दुरुस्त करून घेतला, तरी पाणी तेवढंच जातंय. मधल्या पलंगावरची चादर चुरगळलेली होती. उड्या मारल्यास ना, म्हणून भुंगाला दटावलं. ती शांतपणे म्हणाली की ती नाही, तिथे दुसरी झोपते. पोरांचे खेळ, दुसरं काय.
पण दोरीवर टॉवेल तीन ओले होते.

१९ नोव्हेंबर
शाळेतून दोघी घरी आलो. मी किल्ली लावली आणि आतून गुणगुण ऐकू आली. भुंगाचीच चाल. भुंगा माझा हात धरून उभी होती, तोंड मिटून. घरभर शोधलं, कोणी नाही. मधल्या पलंगावर हात ठेवला. ऊब होती.

२० नोव्हेंबर
सकाळीच पोरीला घेऊन लॉजवर गेले. काही विचारायच्या आत मॅनेजरने तीन उशा काढून ठेवल्या. म्हणाला, तुमच्या नोंदीत तीन आहेत ना?
परत आलो. जाऊन जाऊन जाणार कुठे?

२१ नोव्हेंबर
साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ते म्हणाले, नोंद पुसता येत नाही, फार तर पुन्हा विचारता येतं. मी म्हटलं, मग विचारा, आत्ताच्या आत्ता. पहिल्यांदाच त्यांनी चष्मा नीट डोळ्यांवर घेतला.
"संख्या विचारीन. कोण, ते विचारता येत नाही. ते गुपित राखणं हेच तर आपण विकतो, बाई."
"संख्याच हवी," मी म्हटलं. "दोन म्हणजे दोन."

२४ नोव्हेंबर
प्रश्न आला. लगेच ओळखलं. पाणी तिघींचं, दिवे तिघींचे. तरी 'दोन'च लिहिलं. खरं तेच आहे.
निकाल: दोन. सुटलो देवा, सुटलो! खोलीत बसून ढसाढसा रडले.

त्याच संध्याकाळी
टेम्पोवाला पलंग न्यायला आला. भिंतीकडचा उचलला — माझा. अहो हा नाही, मधला, म्हणून मी ओरडले. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.
भुंगानेही नाही.

२५ नोव्हेंबर
माझी किल्ली लागत नाही. भुंगा शाळेतून आली, तिच्या पाठोपाठ आत शिरले. त्याआधी ऑफिसात माझ्या खोलीला आतून कडी होती. साहेबांसमोर उभी राहिले, ते चष्मा शोधत माझ्या अंगावरून —
दोन. मीच मागितलं. माझ्याच तोंडाने. कुठल्या दोघी, ते सांगितलंच नाही मी —

२६
ताटं दोन मांडली. भुंगाला हाका मारते. घसा बसला.

मधल्या पलंगावर कोणीतरी तिची वेणी घालतंय. ती हसते. माझी पोर आहे ती, माझी —

आता तिचीच चाल गुणगुणले. भुंगाने मान वर केली. ऐकलं! ऐकलं तिने!
"आई, घरात आणखी कोणीतरी आहे."
माझ्याच आवाजात उत्तर आलं.
"नाही गं. आपण दोघीच."
भुंगा, खोटं आहे ते, इकडे बघ, भिंतीकडे, मी —