खालच्या कोपऱ्यातला चौकोन

सावुसावु,
गुरुवार, २२ ऑगस्ट २०१९

प्रिय अलुमिताताई,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. आईच्या गावात तुझी व्यवस्था बरी असेल आणि मामांनी छपराचे पत्रे बदलले असतील, असं धरून चालतो. नसतील तर खिळ्यांच्या डोक्याखाली रबरी चकत्या घालायला सांग, नुसते खिळे ठोकले की नेमकं तिथूनच गळतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तुझ्या भावजयीच्या, उनायसीच्या, हाताखाली दोन नव्या बायका दिल्या आहेत, आणि दोघींनाही कसावा सोलता येत नाही असं तिचं म्हणणं आहे. तुझ्या वर्गावर तात्पुरती एक मुलगी आली आहे. ती फळ्यावर तारीख लिहीत नाही.

मला मिसरूड फुटल्यापासून आपण दोघं समोरासमोर बोललेलो नाही. आपल्यात भावाबहिणीने तसं बोलायचं नसतं, आणि आपण ते कसोशीने पाळलं. मला काही सांगायचं असलं की मी उनायसीला सांगायचो, तुला काही विचारायचं असलं की तू उनायसीला विचारायचीस. कागदावर लिहिलेलं चालतं की नाही, हे मी कोणाला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी नको म्हणालं असतं.

तुझे चित्रित केलेले बाराही धडे आता त्रेसष्ट शाळांत पोचले आहेत. जिथे इंटरनेट धड लागत नाही त्या बेटांवर मी मेमरी कार्डं बोटीने पाठवली, प्रत्येकावर हाताने क्रमांक घालून. परवा सुव्हाच्या प्रशिक्षणवाल्या बाईंचा फोन होता. लाऊकडच्या एका बेटावर तीन शिक्षक जनरेटर लावून, थांबवून थांबवून धडे बघतात आणि न बोलणाऱ्या मुलांना बोलती पाटी कशी द्यायची ते शिकतात म्हणे. चित्र फार स्वच्छ आहे म्हणाल्या. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि बाकी सगळं बिघडलेले रेडिओ उघडून शिकलो, हे त्यांना सांगितलं. आधीही एकदा सांगितलं होतं.

चौथ्या धड्यापाशी मात्र मी अडतो.

त्यात तू लायसानीच्या शेजारी बसली आहेस. ती चाकाच्या खुर्चीत, मांडीवर टॅब, टॅबवर मी बनवलेली पाटी. सहा आडवे, चार उभे, चोवीस चौकोन. ती चौकोन दाबते आणि पाटी तिच्या वतीने बोलते : पाणी, हो, नको, अजून. तू कॅमेऱ्याकडे बघून सांगतेस, ‘‘मुलाचं बोट रिकाम्या जागेवर गेलं तर रागावू नका. हात हळूच उचला आणि शब्दाकडे न्या.’’ एवढ्या वाक्यासाठी आपण सात वेळा कॅमेरा चालवला. सातवी खेप सगळ्यांत चांगली झाली.

जूनमधल्या त्या आठवड्यात तू वर्गात तेच केलंस. लायसानी जेवेना, रडे, आणि तिचं बोट पुन्हा पुन्हा खालच्या उजव्या कोपऱ्यात जाई, जिथे काहीच नव्हतं. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तू तिचा हात हळूच उचलून शब्दांकडे आणलास. गुरुवारी तिचं अपेंडिक्स फुटलं. पोर वाचली, पण इस्पितळातून पाच आठवड्यांनी घरी आली तेव्हा तिच्या आजीला ती एका हाताने उचलता येत होती. चौकशीच्या कागदावर आलं की शिक्षिकेला मुलीचं सांगणं ओळखता आलं नाही. आता तीस तारखेला सुव्हाला तुझा शिक्षकाचा परवाना राहतो की जातो ते ठरेल. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर.

त्या कोपऱ्यात ‘दुखतंय’ होतं. ते मी तांत्रिक अडचणीमुळे दोन दिवसांपुरतं बंद केलं होतं, चालू करून घे असा निरोप उनायसीजवळ दिला होता, आणि ती विसरली. मी तुझ्या नवऱ्याच्या कानावर घातलं ते हे. म्हणून तू उनायसीशी बोलणं टाकलंस. तरीही चौकशीत तिचं नाव घेतलं नाहीस. भावाच्या बायकोची नोकरी जाऊ नये म्हणून सगळं स्वतःवर घेऊन बोटीत बसलीस.

ती विसरली नाही, ताई. मी तिला काही सांगितलंच नव्हतं.

थोडा वेळ उठून आलो. आता पुढचं.

तांत्रिक अडचणही नव्हती. त्या आठवड्याच्या आधीच्या शुक्रवारी, चौथ्या धड्यासाठी, आपण लायसानीला दोन तास दहा मिनिटं दिव्यासमोर बसवलं होतं. तिची पाठ दुखत असणार. तू बोलायला लागलीस की मध्येच पाटी बोलायची, दुखतंय. सहा वेळा तुझं वाक्य तुटलं. तू लिंबाच्या पानांचा चहा घ्यायला बाहेर गेलीस, तेवढ्यात मी तो चौकोन बंद केला. दर महिन्याला एखादा शब्द मी दुसऱ्या पानावर हलवायचो, बाकीचे जागेवरच असत, त्यामुळे कोपरा रिकामा दिसला तरी शब्द दुसऱ्या पानावर नेला असेल असं तुला वाटलं. लायसानीला तसं वाटायचं कारण नव्हतं. ती चित्र बघून दाबत नाही, तिच्या बोटांना जागा पाठ असतात. सातव्या खेपेला ती त्याच कोपऱ्यावर बोट टेकत राहिली, तू तिचा हात हळूच उचललास, आणि मी कॅमेऱ्यामागे खूश झालो, की धड्याला याहून नेमकं दृश्य मिळणार नाही. तेच दृश्य त्रेसष्ट शाळांत गेलं आहे.

सोमवारी चौकोन चालू करायचा होता. मी चौथ्या धड्याच्या चित्रणाची काटछाट करत बसलो होतो, कानाला तुझा आवाज लावून. शाळेतल्या माझ्या खोलीपासून तुझा वर्ग एकवीस पावलं. विचारायला तू येऊ शकत नव्हतीस, सांगायला मी. पण मला रीत आडवी आली नाही. मला आठवणच झाली नाही. मी विसरलो. हा शब्द लिहायला मला नऊ आठवडे लागले, आणि तोही मी आधी दुसऱ्याच्या नावावर लिहिला.

माझी पाटी प्रत्येक स्पर्शाची नोंद ठेवते, रिकाम्या जागेवरच्यासुद्धा. हे मी येईल त्याला अभिमानाने सांगायचो. लायसानीला इस्पितळात नेलं त्याच दिवशी मी नोंद उघडली. खालचा उजवा कोपरा : सोमवारी अकरा वेळा, मंगळवारी चौतीस, बुधवारी बहात्तर. शेवटचा स्पर्श बुधवारी दुपारी तीन वाजून आठ मिनिटांनी. म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, ‘‘यंत्रात काही बिघाड?’’ मी म्हणालो, ‘‘नाही.’’ ते खरंच होतं. यंत्रात कसलाही बिघाड नव्हता.

उनायसीने सुरुवातीला भांडून पाहिलं. तुझ्या पाटीला सगळं आठवतं आणि मला काही आठवत नाही असं कसं, म्हणाली. मी शांतपणे वार सांगितला, वेळ सांगितली, ती तेव्हा कुठे उभी होती ते सांगितलं. मी तपशिलात चुकत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणून तिने मानलं. मग तिने चुलीवर काय ठेवलंय तेही कागदावर लिहून ठेवायला सुरुवात केली. गेल्या रविवारी प्रार्थना आटोपून घरी येताना ती म्हणाली, ‘‘मी जाऊन सांगते त्या लोकांना, माझ्याच डोक्यात राहिलं नाही. वन्संचा परवाना तरी वाचेल.’’

तेव्हा मी तिला सांगितलं. रस्त्यातच, मिशनच्या विहिरीजवळ. घरी आलो, तिने पातेलं पुढ्यात घेतलं, कसावा सोलायला बसली. अर्धा सोलून झाल्यावर म्हणाली, ‘‘म्हणजे मी ठीक होते.’’ एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी बोलते ते जेवायला वाढण्यापुरतं.

काल, बुधवारी, शिक्षण कार्यालयात माझ्या सहीचं निवेदन आणि ती नोंद दिली. सतरा पानं. पोचपावती सोबत जोडली आहे, जपून ठेव, तीस तारखेला लागेल.

सोमवार, २६ ऑगस्ट

बोट उद्या सुटते, म्हणून पत्र बंद केलं नव्हतं.

शनिवारी रीतीप्रमाणे माफी मागायला देवमाशाचा दात घेऊन लायसानीच्या घरी गेलो. आपल्या घरातला, बाबांचा. चटईच्या काठाशी बसलो आणि जे तुला लिहिलं ते तिच्या आजीपुढे, बूपुढे, सगळं बोललो. मान खाली होती, त्यामुळे तिचा चेहरा दिसला नाही. पुढे वाकून दोन्ही हातांनी दात धरला. तिने घेतला नाही.

‘‘शब्द काढलास तेव्हा हिला विचारलं होतंस?’’ बूने विचारलं.

नाही म्हणालो.

‘‘मग हा मी कसा घेऊ? दुखलं ते माझं नाही. तिच्या मांडीवर ठेव. घ्यायचा की परत करायचा ते ती सांगेल.’’

लायसानी इस्पितळातून आल्यापासून पाटीला हात लावत नाही, हे तुला कोणी कळवलं की नाही माहीत नाही. टॅब समोर धरला की भिंतीकडे तोंड फिरवते. तहान लागली तरी. बू अंदाजाने पाणी पाजते.

मी दात तिच्या मांडीवर ठेवला, शेजारी टॅब. चोवीसच्या चोवीस चौकोन चालू होते, तीनदा तपासले होते. मग बसून राहिलो. एक तास दहा मिनिटं. बूने मध्ये बाहेरचे कपडे काढून घड्या घातल्या. लायसानीने आधी भिंतीकडे पाहिलं, मग दाताकडे, मग माझ्याकडे. मग तिचा हात उठला. वाकडा, कापत, तिचा उठतो तसा. बोट खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आलं आणि काचेच्या वर, तसूभर अंतरावर, थांबलं. ती माझ्याकडे बघत होती. मग हात मागे घेऊन तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी येऊन सवयीने नोंद उघडली. शून्य. काचेला बोट लागलंच नव्हतं, मग नोंद कुठून येणार. एवढं बारीक राखलेलं माझं सगळं काम, आणि त्यात हे कुठे नाही. ते मी पाहिलं म्हणून तुला लिहितो.

दात तिथेच आहे. काल प्रार्थनेनंतर आणि आज शाळा सुटल्यावर मी जाऊन बसलो, रोज जाणार आहे. बू हाकलत नाही, बस असंही म्हणत नाही.

कार्डं परत मागवली आहेत, आतापर्यंत आठ आली. चौथा धडा पुन्हा करावा लागेल, आणि तो तुझ्याशिवाय कोणी करू नये. बोट रिकाम्या जागेवर गेलं तर काय करायचं, ते आता तू ठरव. कॅमेऱ्यामागे माझ्याऐवजी दुसरं कोणी उभं राहील. माझी खोली मी उद्या रिकामी करतो आहे. किल्ली उनायसीजवळ ठेवतो. तिच्याशी बोल, ताई. माझा निरोप म्हणून नको, तुझं तू बोल.

उत्तर लिही असं म्हणत नाही. तीस तारखेला तू सुव्हाला उतरशील तेव्हा मी धक्क्यावर असेन. त्या लोकांनी विचारलं तर तुझ्यादेखत, माझ्या तोंडाने, पहिल्यापासून सांगेन. तू मान फिरवलीस तरी ते तुला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

विसरलेला,
तुझा भाऊ
आपेनिसा