एकोणीस बुडणारे

३ एप्रिल
सोलापुरात दाखल. कारखान्यावरची खोली हवेशीर आहे, शेंगाचटणी उत्तम, आणि पुण्याचा डिझायनर म्हणून माणसं माझ्याकडे देव उतरल्यासारखी बघतात. साहजिक आहे. यांनी जन्मभर चादरींवर मोर आणि कुयऱ्या विणल्या. आता हॉलंडच्या गिऱ्हाइकाला भिंतीवर लावायला विणलेली आरमारी लढाई हवीय, साठ नग. १५७३ साली डच बंडखोरांनी स्पेनच्या राजाचं आरमार उथळ समुद्रात गाठून फोडलं, ती. मालक सिद्रामप्पांनी मला विचारलं, स्पेन कुठल्या बाजूला येतं. ज्या गावात नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तिथं मी समुद्र विणून दाखवणार आहे.

५ एप्रिल
गिऱ्हाइकानं पाठवलेल्या मूळ चित्रात फुटक्या जहाजाभोवती एकोणीस जण पाण्यात आहेत. प्रत्येकाच्या हातात जहाजावरून सोडलेला दोर. बारीक तिरक्या रेघा मागावर पायऱ्यांसारख्या तुटक दिसतात, म्हणून कॉम्प्युटरवर सगळे दोर पुसून टाकले. चेहराही एकच काढून एकोणीस वेळा चिकटवला. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या मढ्यांना कोण ओळखतंय.

कापड तपासणाऱ्या सावित्रम्मा चाळीस वर्षं इथं आहेत, म्हणून स्वतःला शहाण्या समजतात. चित्र बघून म्हणाल्या, "पाण्यातला माणूस विणला तर त्याच्या हाताला कायतर द्या की ओ. मोकळा हात दिसंल ते धरतोय." सासऱ्यांपासूनचा नियम म्हणे. मी तोंडावर हसलो. सुताला घाबरणारे विणकर पहिल्यांदाच पाहिले.

९ एप्रिल
तीन नग उतरले. तिसऱ्यात माणसं मी ठेवली तिथं नाहीत, सगळी कापडाच्या काठाला सरकलीत. फाइल बरोबर आहे. माग चालवणाऱ्या राजशेखरला मी गाढव म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, तुम्ही पाठवता तेच माग विणतो. वर मलाच विचारलं, कापड ओलं कसं. आज नळाचा दिवस नव्हता. बोट लावून चाखलं. खारट लागलं.

११ एप्रिल
सातव्या नगात जहाजं आहेत, समुद्र आहे. माणूस एकही नाही. राजशेखर काम सोडून गेला. भित्रट कुठला.

माझ्या जिन्याच्या कठड्यावर ओले पंजे उमटलेत. मोजले नाहीत.

१२ एप्रिल, सकाळ
सावित्रम्मा आल्या होत्या. म्हणाल्या, अजूनही वेळ आहे, दोर विणा, मी मागापाशी उभी राहते. आता अंगठाबहाद्दर बाई मला डिझाइन शिकवणार. हाकलून दिलं.

दुपार
मी घाबरलोय. लिहूनच टाकतो. सगळे दोर चित्रात परत घातले, माग स्वतः चालवला. दोर विणले गेले — रिकामे. धरायला कापडात कुणी उरलेलंच नाही. उशीर झाला —

खोलीत पाणी. घोट्यापर्यंत. खिडकीत तो चेहरा. कपाटापाशी तोच. पलंगापाशी तोच —

डावं मनगट धरलंय. ओढत नाहीत. नुसतं घट्ट — आता दंड — सगळ्यांना धरायला मी एकटाच —

सावित्रम्मा जिन्यात आल्यात. दोर टाकलाय. धरा म्हणतायत. पेन सोडलं की धरता येईल, पण उजव्या हातालाही आता कुणी —