अकराचा फोन

सोमवार, १० नोव्हेंबर

आठवडाभर पुढच्या टेबलावर! साहेबांनी मला विचारलंसुद्धा नाही. "श्रीदेवीची सासू आजारी आहे. ती येईपर्यंत तू बस." झालं. माझं काम मागच्या खोलीत — बियाण्यांच्या पिशव्यांचे नंबर कॉम्प्युटरवर चढवायचे, कुणाशी बोलायचं नाही. इथं दार उघडलं की माणूस थेट माझ्याकडंच बघतो.

म्हातारी माणसं समोर उभी आणि मी बसून! दरवेळी उठते. सेल्सचा उत्कर्ष म्हणाला, "मॅडम, कवायत चाललीय का?"

जागा सोडता येत नाही. म्हणून दुपारपर्यंत पाणीच प्यायले नाही.

अकराला फोन. "आली का आमची श्रीदेवी?" — कोण बोलतंय? — "सासू हाय मी तिची. प्रेमाबाई. येडशीहून." आवाज अगदी ठणठणीत! मी "बघते" म्हणाले आणि घाबरून फोनच ठेवला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

श्रीदेवीताईंना सकाळीच मेसेज केला. त्यांचा लगेच फोन. "हो म्हण गं, पाया पडते तुझ्या! मी अभ्यासिकेत बसतेय. रविवारी सोलापूरला भरतीचा पेपर आहे. वयात बसायचं हे शेवटचं वर्ष. सासऱ्यांना कळलं तर उंबरा ओलांडू देणार नाहीत."

अकराला पुन्हा फोन. "आली का?" — "हो." — "काय करतीय?" — "गोदामात गेल्यात." एवढ्यात दुसरं खोटं! मी विचारलं, त्यांच्या मोबाइलवर का नाही लावत? "मोबाइलवर माणूस कुठनं बी बोलतंय. हापिसाचा फोन हापिसातच वाजतो."

नोकरी लागली तेव्हा आमच्या गावाहून, ईटहून निघताना बाबा म्हणाले होते, "शिकलेल्यानं खोटं बोलू न्हाय. अडाणी माणसाला खरं कळायला दुसरा रस्ताच नसतोय." त्यांना एकदा कुणीतरी कागद चुकीचा वाचून दाखवला होता. मग मला शाळेत घातलं. घरातली पहिली मी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

"हो" म्हणाले. डबा तसाच परत आणला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काय करून बसले मी!

साहेबांनी आतूनच सांगितलं होतं, हरभऱ्याची तक्रार घेऊन कुणी आलं तर मी नाही म्हणून सांग. पावणेअकराला गोरोबा नावाचे एक आजोबा आले. पिशवीत माती, मातीत न उगवलेला हरभरा. साहेब दाराआड हसत होते, मला ऐकू येत होतं. मी म्हणाले, साहेब बाहेरगावी गेलेत. आजोबा म्हणाले, "तुमी म्हनता म्हंजे नसतील, बाई." आणि गेले. काचेतून दिसेनासे होईपर्यंत बघत होते मी.

तेवढ्यात फोन. "आली का श्रीदेवी?"

"नाही. सोमवारपासून आल्याच नाहीत."

पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज. मला एकदम हलकं वाटलं — खरंच! मिनिटभर. मग लक्षात आलं. पाच मिनिटांत दोनदा खोटं बोलवेना म्हणून मी ताईंचं वर्ष घालवलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ताईंचा फोन बंद. अकरा वेळा लावला. अभ्यासिकेतही विचारलं. आल्या नाहीत म्हणे.

साहेब म्हणाले, "जमतंय की तुला! पुढंही बस." उत्कर्षनं टाळ्या वाजवल्या. मला ओरडावंसं वाटलं. "हो सर" म्हणाले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तीन वाजता एक बाई आल्या. कपाळावर भस्म, हातात दवाखान्याची पिशवी. टेबलाशी वाकून म्हणाल्या, "तूच का ती खरं बोलणारी?"

आवाजावरून ओळखलं. उठून उभी राहिले.

"बस, बस. दात दाखवायला म्हणून आलेय, लवकर जायचंय." मग हळू आवाजात बोलल्या. "तिचं परीक्षेचं तिकीट मला उशीच्या खोळीत घावलं, महिनाभरामागं. वाचता येत न्हाय मला, पर तिचा फोटू तर कळतो! तिला बी ठाऊक न्हाय मला कळलंय ते. आमच्या मालकांना वास आला. सोमवारी हिकडं यायला निघाले होते, तपासायला. म्हणलं, कशाला एवढ्या लांब जाता, मी फोन लावते, तुमी ऐका. रोज ते शेजारी बसून ऐकायचे. मला तुझं 'हो' पायजे होतं, पोरी. दुसरं काय न्हाय."

मी रडले. समोर दोन माणसं थांबली होती तरी रडले.

"रडू नको. तिनं अजून कबूल केलं न्हाय. हापिसातच होते म्हणते. पेपर उद्या हाय. आज सांच्याला मी घरी पोचले की तू फोन लाव. काय बोलायचं ते तू ठरव. शिकलेली तू हायेस."

शनिवार, संध्याकाळ

सगळे गेल्यावर ऑफिसच्या फोनवरून लावला. ताईंच्या सासऱ्यांनी, शांतलिंगकाकांनीच उचलला.

मी म्हणाले, काका, गुरुवारी चुकीचं सांगितलं मी. ताई रोज येत होत्या. उद्या सोलापूरच्या गोदामात माल मोजायचाय, त्यांना सकाळी सहाच्या एसटीनं पाठवा.

"मग परवा खोटं कशाला बोललीस?"

"चुकलं माझं."

काका म्हणाले, "सहाची एसटी टायमावर सुटती का वाट बघाय लावती?"