कागदावरची चौदा भोकं

पाइनफोर्क, केंटकी
गुरुवार, ९ ऑक्टोबर

प्रिय लोवेल,

मागच्या पत्रात मी तुला चुकीची माहिती दिली. नव्या रिव्हॉल्व्हरने पहिल्याच दिवशी चौदा गोळ्या झाडल्या, चौदाही कागदाला लागल्या आणि त्यातल्या सहा तर काळ्या वर्तुळात, असं मी लिहिलं होतं. खरं असं आहे की मी दहा झाडल्या, आठ लागल्या आणि काळ्यात एकही नाही. आईने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून बारा वर्षं मला शिकवलं, तेव्हा घरात खोडरबर नव्हता. चुकलेल्या उत्तरावर रेघ मारायची, शेजारी बरोबर उत्तर लिहायचं आणि ज्याला चुकीचं सांगितलं त्याला जाऊन सांगून यायचं. तू तर अभिनंदनाचं कार्ड पाठवलंस. ते मी उशीखाली ठेवलं आहे आणि त्यामुळे मला झोप लागत नाही.

रिव्हॉल्व्हर घेण्याचं डॅडींनीच मनावर घेतलं होतं. मी जनावरांच्या डॉक्टरांची औषधं घेऊन डोंगरातल्या गोठ्यांवर एकटी जाते, हे त्यांना कधीच पसंत नव्हतं. दुकानदाराने आधी गुलाबी मुठीचं दाखवलं, तेव्हा डॅडींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मुकाट्याने आत ठेवलं. मग साध्या काळ्या मुठीचं, पाच गोळ्यांचं घेतलं. सोबतचं माहितीपत्रक मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा आईला मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिने त्यातल्या दोन चुका पेन्सिलने दुरुस्त केल्या.

गेल्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी आम्ही नेमबाजी क्लबच्या मैदानावर गेलो. तिथे मैदान सांभाळणाऱ्या होबार्टकाकांच्या हुकमाशिवाय कोणी चापाला बोट लावत नाही. मी कानात बोळे घातले, त्यावर मोठी टोपणं चढवली, त्यामुळे हुकूम ऐकूच येईनात. शेवटी त्यांच्या मिशा बघून काम भागवलं. मिशा वर गेल्या की भरायचं, खाली आल्या की झाडायचं. ते माझ्या अगदी पाठीशी उभे होते आणि डोळ्यात तेल घालून फक्त माझ्या बोटाकडे पाहत होते, कारण रिव्हॉल्व्हर भरलेलं आहे का हे मी त्यांना अकरा वेळा विचारलं होतं. डॅडी माझ्या डाव्या हाताला, आपलं जुनं जाडजूड रिव्हॉल्व्हर घेऊन. नवा पांढरा कागद वाया कशाला घालवायचा म्हणून त्यांनी स्वतःसाठी जुना तपकिरी पुठ्ठा लावला होता. पहिल्या गोळीला माझे डोळे मिटलेले होते. हेही मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. किती झाडल्या याचं भानही नव्हतं.

सगळ्यांनी शस्त्रं खाली ठेवल्यावर आम्ही पुढे गेलो, तर माझ्या कागदाला चौदा भोकं आणि डॅडींच्या पुठ्ठ्यावर ओरखडाही नाही. डॅडी म्हणाले, मी मागच्या खांबाचा खिळा टिपत होतो. होबार्टकाकांनी टोपी काढली. डॅडी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. तो कागद आता आमच्या फ्रिजवर आहे. त्याची बातमी न्हाव्याकडे पोहोचली, पेंडीच्या दुकानात पोहोचली, चर्चमध्ये तर पाद्र्यांनी प्रवचनाच्या आधी सांगितली. काउंटीच्या महिला स्पर्धेत डॅडींनी माझं नाव घालून टाकलं आहे.

त्यानंतरच्या शुक्रवारी खोका आवरताना पन्नासातली चाळीस काडतुसं शिल्लक निघाली. मी परत मोजली. मग फ्रिजवरचा कागद काढला आणि एकेका भोकाला काडतुसाचं टोक लावून पाहिलं. आठ भोकांत ते नेमकं बसलं. सहांत डुगडुगलं. त्या सहांत डॅडींची जाड गोळी चपखल बसली. ती सहाही काळ्या वर्तुळात, तळहाताने झाकता येतील इतकी जवळ. त्या दिवशी मैदानावर सगळ्यांत चांगला नेम डॅडींचाच होता, लोवेल. त्यांना दिसत होती ती एकच पांढरी वस्तू, आणि ती म्हणजे माझा कागद.

डॅडी रविवारी चर्चची व्हॅन चालवतात. परवाच्या रविवारी मदतीचं निमित्त करून मी त्यांच्या शेजारी बसले. पहिल्याच थांब्यावर त्यांनी हॉर्न वाजवला, थांबले, पुन्हा वाजवला आणि म्हणाले, अर्नेस्टीनबाईंना आज उशीर होतोय, नुसत्याच उभ्या आहेत. ती अंगणातली गॅसची पांढरी टाकी होती. अर्नेस्टीन आजी दुसऱ्या बाजूने येऊन केव्हाच मागे बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, “ऑरिन, मी आले. चल आता.” चौकात मागून दुसऱ्या आजी म्हणाल्या, “लाल आहे.” थोड्या वेळाने तिसऱ्या म्हणाल्या, “झाला हिरवा. डावीकडून ट्रक येतोय, तो जाऊ दे.” डॅडी म्हणाले, दिसतोय मला. उतरताना मी अर्नेस्टीन आजींना बाजूला घेऊन विचारलं, हे कधीपासून चाललंय? त्या म्हणाल्या, “वर्ष झालं की गं. आम्ही पाच म्हाताऱ्या मिळून दोन डोळे होतो. बापाला काही सांगू नकोस हं. व्हॅन गेली तर त्याच्याकडे उरतं काय?”

मला हसू आलं, तुलाही येईल. पण परतताना एकेरी पुलावर समोरून राखाडी गाडी येत होती आणि पाचही जणी मक्याच्या पावात साखर घालावी की नाही यावरून भांडत होत्या. गाडीचं कोणीच सांगितलं नाही. मीही नाही. त्या गाडीवाल्याने गाडी पुलाबाहेर मागे घेतली, म्हणून आज हे पत्र लिहिते आहे. डॅडी पूल ओलांडून म्हणाले, “आज रस्ता अगदी मोकळा आहे, नाही?”

ईस्टरच्या जेवणाला त्यांनी मांसाचा रस्सा ताटाशेजारी टेबलक्लॉथवर ओतला, तेव्हा तू हळूच म्हणालास, सोमवारी दुकानात या, पाच मिनिटांत डोळे तपासून देतो. डॅडी म्हणाले, चष्मेवाल्याला गिऱ्हाइकं कमी पडताहेत वाटतं. सगळे हसले, मीही हसले. मग फाटकापर्यंत येऊन मी तुला सुनावलं की माझ्या बापाचा तू त्याच्याच टेबलाशी अपमान केलास, पुन्हा येऊ नकोस. तू निघून गेलास. पण तो रस्सा मला तुझ्या आधी दिसला होता. त्यावर रुमाल मीच टाकला होता. त्याच्याही आधी कित्येक आठवडे मी त्यांचं ताट गुपचूप हाताशी सरकवत होते आणि ते तुझ्या लक्षात आलं याचाच मला राग आला होता. सहा महिन्यांनी तुला लिहायला निमित्त हवं होतं म्हणून ती चौदा भोकं कळवली. दुकानात फोन करून वेळ घेणं सोपं होतं, पण फोन तू उचलला असतास आणि मला हे सगळं बोलता आलं नसतं. आईला मी सांगितलं आहे. ती व्हॅनच्या किल्ल्या ॲप्रनच्या खिशात घालून बसणार आहे. उद्या न्याहारीला मी डॅडींना सगळं सांगेन, भोकांचं, टाकीचं आणि पुलाचं. ते आरडाओरडा करतील, मला रडू येईल, तरी बुधवारी मी गाडी काढेन. येत्या रविवारी आई व्हॅन चालवेल, हे तिने कबूल केलं आहे. त्याच्या पुढच्या रविवारच्या आत डॅडींना तुझ्यासमोरच्या त्या खुर्चीत बसवायचं आहे. आम्ही दोघं येतो आहोत, बुधवारी, पंधरा ऑक्टोबरला, सकाळी साडेनऊला.

अजूनही तुझीच,
केझाया