नावाचा रकाना

३ मार्च, सोमवार. अ‍ॅशबर्न

आले एकदाची! सनीव्हेलच्या त्या खुराड्यातून सुटले. इथे खोलीला चक्क मोठी खिडकी आहे, समोर हिरवळ, आणि हिरवळीपलीकडे दिवसरात्र घुमणारी डेटा सेंटरं. शोभना काकू आणि प्रल्हाद काका मूळचे पुण्याचे, तीस वर्षं अमेरिकेत. त्यांच्या घराचा खालचा मजला मी भाड्याने घेतलाय. काकूंनी आल्या आल्या गरम वरणभात वाढला आणि दुसऱ्या घासालाच आडनाव विचारलं. मी नेहमीसारखं वडिलांचं नाव पुढे केलं, प्रणिता ज्ञानदेव. मग पुढे काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी आणखी भात मागून घेतला. नागपूरच्या मुलीला हा खेळ नवा नाही.

काम मात्र मजेचं आहे. इथून अर्ध्या तासावर एक जुनं कोर्ट आहे. तिथली पावणेदोनशे वर्षांपूर्वीची रजिस्टरं स्कॅन करायची आणि आमच्या सॉफ्टवेअरला ती अक्षरं नीट वाचता येतात का ते तपासायचं. खूश आहे मी.

६ मार्च, गुरुवार

आजचं रजिस्टर पळून गेलेल्या गुलामांचं. रकाने असे: नाव, वय, खुणा, दावा करणारा, ओळख पटवणारे दोन साक्षीदार. १८५०चा कायदाच तसा होता. माणूस उत्तरेत पोचला, जिथे गुलामगिरी नव्हतीच, तरी त्याला धरून परत पाठवायचं. अंमलदाराने हाक मारली की रस्त्यावरच्या कुणीही धरायला मदत केलीच पाहिजे. आणि धरलेल्याची स्वतःची साक्ष चालायची नाही. उत्तरेतले जे लोक तोवर आपल्याला काय त्याचं म्हणून गप्प होते, तेही यावर पेटले. काही ठिकाणी त्यांनी कोठड्या फोडून माणसं सोडवली.

कोर्टाच्या दफ्तरातले आमचे साहेब मिस्टर वॉरन, निवृत्त शिक्षक, फार सभ्य. चहाच्या वेळी म्हणाले, उत्तर-दक्षिणेतलं यादवी युद्ध गुलामीवरून झालंच नाही, राज्यांच्या हक्कांवरून झालं. मला राहवेना. उत्तरेतल्या राज्यांनी माणसं धरून देणार नाही असे कायदे केले, तेव्हा इथल्या याच दक्षिणेने वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा बडगा मागितला ना, तेव्हा कुठे गेले होते राज्यांचे हक्क? त्यावर ते हसले आणि माझं इंग्लिश फार छान आहे म्हणाले. असा संताप आला!

७ मार्च, शुक्रवार

एका नोंदीत नावच नव्हतं. पळालेली बाई, वय एकोणतीस, एवढंच. नाव भरल्याशिवाय सिस्टिम सेव्ह करू देईना. मग टेस्टिंग करताना आम्ही सगळे करतो तेच मी केलं. स्वतःचं नाव टाकलं, आणि हाताच्या सवयीने पासपोर्टवरचं टाकलं, गजभिये आडनावासकट. काढायचं राहून गेलं. सोमवारी काढीन.

१० मार्च, सोमवार

नोंद काढली. मग पडताळायला कागदी रजिस्टर उघडलं.

कोऱ्या रकान्यात माझं नाव आहे. तपकिरी शाईत, त्याच कारकुनाच्या वळणात, गजभियेसकट. मिस्टर वॉरनना दाखवलं. ते म्हणाले की ते आधीपासूनच असणार, मीच नीट पाहिलं नसेल. मग त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेऊन सावकाश वाचलं.

१२ मार्च, बुधवार

खुणांचा रकाना भरलाय. ठेंगणी, सावळी. डाव्या भुवईवर व्रण. वाचता येतं. उलट बोलते.

सोमवारचा स्कॅन माझ्याकडे आहे, त्यात हा रकाना रिकामा आहे. म्हणजे मला भास होत नाहीये. वाचता येतं ही खूण, म्हशीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यासारखी! भीती वाटतेय. आणि राग त्याहून जास्त येतोय.

१३ मार्च, गुरुवार

काकू पार्सल ठेवायला खोलीत येऊन गेल्या. बाबासाहेबांचा फोटो त्यांनी पाहिला. संध्याकाळी म्हणाल्या, अगं, आधीच सांगायचंस ना, आमच्याकडे तसलं काही नसतं, वी आर सो ओपन. मग जेवण आलं ते वापरून फेकायच्या ताटलीत.

१४ मार्च, शुक्रवार

दावा करणारा: वारस. नाव नाही, नुसतं वारस.

पहिला साक्षीदार: वॉरन. शाई ओली होती. मी ओरडले. ते शांतपणे म्हणाले, व्यक्तिशः त्यांना वाईट वाटतंय, पण कायदा आहे. आणि मला तिथेच थांबायला सांगून दाराची किल्ली काढली. मी ढकलून पळाले.

दुसरा साक्षीदार मिळाला नाही तर दावा पडतो. मला इथे ओळखणारं कोण आहे? वॉरन सोडले तर दोघंच, काका-काकू.

१५ मार्च, शनिवार, दुपार

कॅनडा गाडीने आठ तास. रजिस्टरातले ते सगळे तिकडेच पळायचे. पण माझ्या गाडीमागे काकांची गाडी आडवी. गल्लीतले सगळे हिरवळीवर उभे. एकाने हात हलवला—

तेव्हा निदान लोक भांडले तरी. त्यातून देश दुभंगला, लाखो मेले. आज कुत्रंही भुंकत नाही.

वर कुणीतरी आलंय. जड बूट. काकू चहा विचारताहेत.

फोन लागत नाही.

काकूंचा आवाज— नुसती ओळख तर पटवायचीय, त्यात खोटं काय, असं म्हणताहेत. काका भले आहेत. काका नाही म्हणतील—

जिन्यावर पावलं. काकाच.

दाराबाहेरून बोलताहेत. त्यांना हे अजिबात पटत नाही म्हणाले. पण उगाच कशाला मध्ये पडायचं, यार, आपण बाहेरची माणसं. वर घरात एकही पेन सापडत नाहीये, सगळं फोनवरच असतं ना. तुझं जरा दे म्हणाले. एक सही करून लगेच परत आणतो—

देणार नाही. हातात आहे तोवर— माझी साक्ष चालत नाही, म्हणून इथे लिहितेय, कुणीतरी वाचा. मी प्रणिता ज्ञानदेव गजभिये. मी कुठूनही पळालेली नाही. मी कुणाच्याही मालकी—