बाबांची गाणी आणि रॉकवाले

रविवार संध्याकाळ, कोपर

बाबांच्या हळुवार गाण्यांचा अल्बम रॉक बँडवाल्यांनी केलाय. आज ठाण्याच्या स्टुडिओत आईला आणि मला ऐकवला. नुसता आरडाओरडा. कडव्याआधी बाबा क्षणभर थांबायचे, नेमके तिथेच या गाढवांनी ड्रम बडवलेत. आणि याला म्हणे आदरांजली. गायकाला तर शब्दांचा अर्थही धड कळला नव्हता.

परतताना रिक्षात आईला म्हटलं, "परवानगी द्यायची नाही."

"मी सही करून आले."

मी चिडलेच. त्या थांबण्याच्या जागेची वाट लावली, त्याचं काय?

ती शांतपणे म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांनाही असंच मोठ्यानं गायचं होतं. चाळीत शेजारी भिंत ठोकायचे, म्हणून हळू गायला लागले."

आजवर मी तो त्यांचा स्वभाव समजत होते.