माझ्या आवाजात नळाची खोटी वेळ सांगितली जाते त्याबाबत

प्रति,
मा. पाणीपुरवठा अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग, नगरपालिका कार्यालय

विषय : माझ्या आवाजात नागरिकांना नळाची खोटी वेळ कळवणे बंद करण्याबाबत.
संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जाला आपण दिलेले उत्तर.

महोदय,

सविनय कळवते की, मी अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. रोजची प्रार्थना आटोपली की सेवा म्हणून वाचते, मोबदला घेत नाही. माझे नेम फार नाहीत. त्यातला एक खोटे न बोलण्याचा आहे. कुणाला बरे वाटावे म्हणूनसुद्धा नाही.

वाचकांना घरबसल्या ऐकता यावे म्हणून वाचनालयाने हे वाचन संकेतस्थळावर ठेवले. संगणकाला बोलायला शिकवणाऱ्या एका कंपनीने ते तिथून न विचारता उचलले. आता आपला विभाग त्या कंपनीच्या यंत्राकरवी त्याच आवाजात रोज सकाळी घरोघर फोन करून नळाची वेळ सांगतो आणि पाणी जपून वापरायला बजावतो. त्या वेळी पाणी येत नाही.

माझ्या सासूबाईंना अंधुक दिसते. “दुपारी नळ येणार म्हणालीस, मी चादरी साबणात भिजवून बसले,” असे त्या मला म्हणाल्या. मी म्हटले, ती मी नव्हते. त्यावर त्यांनी चादरी तशाच पिळायला घेतल्या. शेजारीण तर तोंडावर म्हणाली, “वहिनी, एवढा देवधर्म करता आणि सकाळी सकाळी थापा मारता?”

सदर आवाज यंत्रनिर्मित असून साम्य योगायोगाचे समजावे, असे आपले उत्तर आहे. मला दमा आहे. लांब वाक्यात ‘तथापि’ आले की त्यापुढे मला श्वास घ्यावा लागतो. आपले यंत्रही ‘तथापि’पुढे श्वास घेते. यंत्राला दमा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुस्तकावर लेखकाचा हक्क असतो, आवाजावर कुणाचा नसतो, असेही आपण कळवले आहे. खिडकीवरचे आपले कर्मचारी म्हणाले, “काकू, नशीब समजा. मेल्यावरही बोलत राहाल.”

पाणी कुठे जाते, हे आमच्या गल्लीला ठाऊक आहे. टोकाला त्या कंपनीची बिनखिडक्यांची इमारत आहे. आतली यंत्रे तापू नयेत म्हणून आमच्याच जलवाहिनीतून तिला जाड नळ दिला आहे. तो कोरडा पडल्याचे कुणी पाहिलेले नाही. म्हणजे माझा आवाज काढणारे यंत्र थंड राहावे, यासाठी मीच रोज लोकांना पाणी जपून वापरायला सांगते.

याबाबत आपल्या तक्रार क्रमांकावर फोन केला. तो मीच उचलला. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, असे मीच मला सांगितले. तेही खोटे निघाले.

तरी विनंती की, माझा आवाज यंत्रातून काढावा. ते जमत नसेल तर यंत्रातली ती बाई जी वेळ सांगते, त्या वेळी खरोखर पाणी सोडावे, म्हणजे माझा शब्द तरी खरा होईल. उत्तर लेखी द्यावे. फोनवर दिल्यास माझा अर्ज मलाच फेटाळावा लागेल.

आपली नम्र,
(सही)
वाचिका, अंधांचे वाचनालय
दिनांक : आजचा, पाणी येणार असे कळवलेला

सोबत : आपल्या उत्तराची प्रत.
आवाजाचा नमुना जोडलेला नाही. तो आपल्याकडे आहे.